पांढऱ्या ओठांची काजळ

१२ मार्च २०२०, गुरुवार. नीउ-व्हेनेप

आज वरची बंद खोली उघडली.

इथं डच मुलखात मुलाकडं येऊन दोन आठवडे झाले. निखिल सोमवारी पहाटे आइंडहोवनला जातो. तिथं चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यात आहे, खोली घेतलीय, शुक्रवारी परत येतो. आठवडाभर घरात मी आणि सूनबाई. मानसीही अर्धा दिवस ऑर्किडच्या काचघरात, तिथल्या ऑफिसात. मी खिडकीशी. जिन्यावरून जाताना त्या खोलीच्या दाराखालून पायाला ऊब लागायची. निखिलला विचारलं तर म्हणाला, हीटिंगचं काहीतरी आहे.

आज चहा झाल्यावर मानसी म्हणाली, "बाबा, तुम्हाला हार्टचा त्रास नाही ना?"

म्हटलं, बीपी आहे फक्त.

"मग या वर. ओरडायचं मात्र नाही."

कपाटाएवढी काचेची पेटी. आत ओलं शेवाळ, पाण्याचं घमेलं, आडवी फांदी. फांदीवर लांबडं. (आमच्या कऱ्हाडकडं दिवेलागणीनंतर नाव घेत नाहीत. लिहितानाही हात तसाच वळला.) माणसाच्या उंचीचं असेल. अंग घासलेल्या तांब्याच्या रंगाचं, डोकं कुळकुळीत काळं, आणि ओठ पांढरे. त्या ओठांवर काळ्या बारीक उभ्या रेघा. ०.२ च्या ड्रॉइंग पेनानं मारल्यासारख्या.

"अजगर आहे. विषारी नाही. न्यू गिनीकडची जात. फारसं कुणी पाळत नाही, चावऱ्या असतात म्हणून." पोरीचे मार्क सांगावेत तशी सांगत होती. "हिचं नाव काजळ."

"निखिलला माहीत आहे?"

"त्याच्याच घरात आहे ना, बाबा."

खाली येऊन बीपीची गोळी घेतली. मग आठवेना, सकाळी घेतली होती की काय.

१६ मार्च, सोमवार

शाळा, हॉटेलं, सगळं कालपासून बंद. शुक्रवारी नि. आलाच नाही. आज फोन. "बाबा, मी इकडंच थांबतो. ऑफिसात एकजण आजारी आहे, तुमच्या वयाला रिस्क नको." शहाणपणाचं बोलला. मानसी फरसबी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

दुकानात तांदूळ मिळाला, तूरडाळ नाही. मानसीनं तिसरंच सामान मागवून ठेवलं. काजळचं खाणं, म्हणजे गोठवलेले उंदीर. अंगणातल्या शेडमध्ये त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर.

"बाबा, आइस्क्रीम घरातल्या फ्रीझरमध्ये असतं. शेडमधला उघडू नका."

बरं म्हटलं. आइस्क्रीमची इच्छाच गेली.

२३ मार्च, सोमवार

भारतानं बाहेरची विमानं बंद केली. माझं तिकीट पुढच्या शनिवारचं. गेलं म्हणायचं.

शेजारच्या देसायांना कऱ्हाडला फोन केला. किल्ली त्यांच्याकडं आहे, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा म्हटलं. म्हणाले, "तुम्ही सुखरूप आहात ना, मग झालं." सुखरूप आहे.

या घरावरून एकामागून एक विमानं जायची, कपातला चहा थरथरायचा. आज आकाश नुसतं निळं. मागच्या कालव्यात बदकं पाय मारतात तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. उन्हात खुर्ची टाकून बसलो आणि डोळा लागला. उठलो तेव्हा आपण कुठल्या गावी आहोत ते पटकन कळेना. बरं वाटलं, खरं तर.

५ एप्रिल, रविवार

मानसीबरोबर मोठ्या कालव्यापर्यंत चालत गेलो. हे सगळं गाव एका तळ्याच्या तळाशी आहे. शेदीडशे वर्षांपूर्वी इथं पाणी होतं, एवढं की जहाजं बुडत. भोवती बांध घातला, कालवा काढला, वाफेच्या पंपांनी पाणी उपसून त्यात टाकलं. कालवा अजून वर आहे आणि शेतं खाली. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ड्रॉइंगं काढली, धरणांचे छेद काढले. पण रस्त्यावर उभं राहून मान वर करून बोटीचा तळ बघायचा, हे नव्हतं पाहिलं.

मानसी म्हणाली, "मी सात वर्षं राहते इथं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"निखिलला विचारायचं."

ती बोटीकडं बघत राहिली.

दुपारी झोपेत पाणी परत आलं. घराच्या छतावर. गढूळ नव्हतं, चहाच्या रंगाचं होतं, आणि आम्ही सगळे खाली आपापली कामं करत होतो. निखिलची आई, सुमतीही होती. दोन वर्षं झाली तिला जाऊन, तरी कपडे वाळत घालत होती. पाण्यात कसे वाळतील असं मी विचारलं, तर म्हणाली, वाळतात हळूहळू.

१४ एप्रिल, मंगळवार

काजळचे डोळे दुधाळ झालेत. कात टाकायच्या आधी असं होतं म्हणे, धड दिसत नाही, म्हणून या दिवसांत चिडते. मानसी पेटीत हात घालत नाही, लांबूनच पाणी फवारते.

मी दारातून बघतो. हल्ली रोज. उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही.

दोन वाक्यं बोलून बघितली तिच्याशी. मानसी खाली होती तेव्हा.

२१ एप्रिल, मंगळवार

निघाली कात. अखंड, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट. मानसीनं टेबलावर ओली पसरली. माझ्या जुन्या ट्रेसिंग पेपरसारखी दिसते, पण त्याहून तलम.

आणि ती स्वतः! खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि तांब्यावरून निळं, जांभळं, हिरवं सरकत गेलं. पाण्यावर तेल पसरतं तसं. हलली की रंग जागा बदलतात. मी आत गेलेलो होतो, पार पेटीपाशी. कधी गेलो ते कळलं नाही.

मानसी हळूच म्हणाली, "याच्यासाठी."

मी काही विचारलं नव्हतं.

२७ एप्रिल, सोमवार

इथल्या राजाचा वाढदिवस. एरवी रस्त्यांवर जत्रा असते. यंदा लोक आपापल्या दारात नारिंगी कपडे घालून उभे. समोरच्या घरातला माणूस कर्ण्यावर राष्ट्रगीत वाजवत होता, निम्मे सूर चुकत होते. मानसीनं नारिंगी ओढणी घेतली होती. आम्ही पायरीवर बसलो.

मी सहज म्हटलं, आता घरी भेटायला जायला हरकत नाही म्हणतात, निखिल का येत नाही?

बराच वेळ ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत राहिली. मग सांगितलं. डिसेंबरातच ठरलंय. वेगळं व्हायचं. त्याची आइंडहोवनची खोली आठवड्याची नाही, कायमची आहे. मी येणार होतो म्हणून तो शुक्रवारी येत होता. मी परत गेलो की फोनवर सांगणार होते दोघं.

"भांडण झालं का?"

"नाही हो बाबा. भांडण असतं तर बरं होतं. बोलणंच संपलं."

समोरचा कर्णेवाला आम्हाला हात करत होता. आम्ही दोघांनीही हात केला.

२८ एप्रिल

म्हणजे मी कुणाच्या घरी आहे?

३ मे, रविवार

नि.शी बोललो. चिडायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "बाबा, तुमच्यापुढं खोटं वागायचं नव्हतं, पण महिन्याचा तर प्रश्न होता." मग म्हणाला, तुम्ही इकडं या, मी बेड घेतो, माझ्याकडं राहा, तिच्यावर तुमचा भार नको.

बरोबर आहे त्याचं. नवऱ्याला सोडणाऱ्या सुनेच्या घरी सासरा कोणत्या नात्यानं राहणार? की नवऱ्यानं सोडलेल्या? कुणी कुणाला सोडलं तेही ते दोघं सांगत नाहीत.

मानसीला म्हटलं, मी जातो त्याच्याकडं. "तुमची मर्जी," म्हणाली. जेवताना पानात दुसऱ्यांदा आमटी वाढली, न विचारता.

१० मे, रविवार

इकडचा मातृदिन. लोकांना आयांना भेटता येत नाही म्हणून सगळे फुलं पाठवतायत. आठवडाभर काचघरात ऑर्किडं भरायला माणसं कमी, ऑफिसातली मानसीही तिकडंच उभी. सकाळी जाते ती सातला येते, हाताला कुंड्यांतल्या ओल्या झाडसालीचा वास.

त्यामुळं फवारणी माझ्याकडं आली. पेटीची वरची जाळी सरकवायची, पाणी कोमट, धुकं पडेल एवढंच. हात आत नाही. काजळ फांदीवरून मान उचलते आणि जीभ लवलवते. मानसी म्हणते, ती तुमचा वास घेतेय, ओळखतेय असं नाही समजायचं, साप ओळखत नाहीत.

समजत नाही. पण आंघोळ झाल्याशिवाय जात नाही वर.

१७ मे, रविवार

नि. आला, गाडी घेऊन. आत आला नाही. अंगणात दीड मीटरवर उभा. दाढी वाढलीय, बारीक झालाय. मानसीनं चहाचा कप पायरीवर ठेवला आणि मागं सरली. त्यानं पुढं होऊन उचलला. देवाला नैवेद्य ठेवतात तसं चाललं होतं. दोघांनाही हसू येत होतं की काय, मला वाटलं. वाटलंच असेल.

"चला बाबा. बॅग भरलीय ना?"

भरली होती. दारात होती.

मी म्हटलं, "आत्ता नको. मानसीला काचघरात फार काम आहे. काजळला सकाळी पाणी लागतं."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "अहो, सापासाठी?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

मला तरी कुठं कळलं होतं?

जाताना गाडीची काच खाली करून म्हणाला, "माझे बाबा आहात ना तुम्ही?" रागानं नाही. लहानपणी शाळेच्या फाटकाशी विचारायचा, न्यायला याल ना, तसं.

बॅग वर नेऊन ठेवली. उघडली नाही.

६ जून, शनिवार

मानसीला ई-मेल. युट्रेख्टजवळ रिया म्हणून कुणी आहेत. मी विचारलं, आपल्यातल्या का? मानसी कितीतरी वेळ हसत होती. डच बाई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हेच अजगर पाळतात. मानसीनं दोन वर्षांपूर्वी त्यांना लिहिलं होतं, काजळसाठी नर हवा म्हणून. ही जात इथं मुळात थोड्यांकडं. त्यात जंगलातून पकडून आणलेले नकोत, ते रोगट असतात आणि ते पापही आहे, असं मानसीचं मत. घरात अंड्यातून निघालेला, जन्माचा कागद असलेलाच हवा. रियाबाई तेव्हा नाही म्हणाल्या होत्या. यंदा सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेळावा रद्द झाला, त्यांना श्वासाचा त्रास, आता सगळे प्राणी नीट घरी द्यायचेत. आधी माणसं बघणार. मग ठरवणार.

"म्हणजे दाखवायचा कार्यक्रम," मी म्हटलं.

"हो. कांदेपोहे नेऊया का?"

तिला असं बोलताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

१३ जून, शनिवार

युट्रेख्टच्या अलीकडं डाव्या हाताला वळलो. कालव्याकाठी विटांचं घर, मागं लांबट लाकडी शेड. रियाबाई उंच, काठी घेतलेल्या, तोंडावर फुलांच्या कापडाचा मास्क. माझ्याशी इंग्रजीत, मानसीशी डचमध्ये.

शेडमध्ये शिरलो आणि कोकण. तोच दमट वास, नारळाच्या ओल्या सोडणांचा. भिंतीभर पेट्या, निम्म्या रिकाम्या. त्यांचं बालपण न्यू गिनीत गेलं, वडील तिथं डच सरकारात होते. नारळाच्या सोडणांच्या ढिगात हे साप निघायचे. कामाची माणसं ओरडून पळायची आणि ही पोरगी पुढं. सोळाव्या वर्षी सगळं सोडून बोटीनं इथं यावं लागलं. "इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मला ऊबच लागली नाही," म्हणाल्या.

नर एका कोपऱ्यात. काजळपेक्षा लहान, अंगानं सडसडीत, रंग जरा पिवळट. नाव पीट. त्यांनी लोखंडी आकड्यानं उचलला आणि मानसीच्या हातात दिला. त्यानं दोनदा तोंड मारलं, तिनं हात हलवला नाही. तिसऱ्यांदा तो मनगटाभोवती गुंडाळून गप्प झाला. रियाबाई त्याच्याकडं बघतच नव्हत्या, मानसीच्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

मग डचमध्ये प्रश्न. मला कळत नव्हते. एक कळला, कारण त्यांनी घराकडं बोट करून विचारला आणि माझ्याकडं पाहिलं. घरी कोण कोण असतं, असा असणार.

मानसीनं उत्तर दिलं. त्यात एक शब्द होता, "फादर". तसाच उच्चार, डचमध्येही. सासऱ्याला वेगळा शब्द आहे त्यांच्यात. पायरीवर बसून तिनंच शिकवला होता मला एप्रिलमध्ये, "स्खोनफादर". तो ती म्हणाली नव्हती.

मी पेट्यांवरची तापमानं वाचत राहिलो. आकडे नीट दिसेनात. दमट हवेनं चष्मा धुरकट झाला होता.

परतताना शेतांवर ऊन, गाई, आणि मधूनच रेल्वेचा रिकामा डबा.

२० जून, शनिवार

मिळाला. कापडी पिशवीत, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात, खोकं माझ्या मांडीवर. रियाबाई दारापर्यंत आल्या नाहीत. आत खुर्चीवर बसून राहिल्या, पाठ आमच्याकडं. मानसी परत आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, डोळे लाल.

नवा प्राणी आणला की तीन महिने दुसऱ्या खोलीत वेगळा ठेवायचा, रोग नाही याची खात्री होईपर्यंत. म्हणजे त्यालाही विलगीकरण. घरात दुसरी खोली एकच. माझी.

७ जुलै

पीटचं मी पिठू केलंय. खिडकीजवळ त्याची पेटी, भिंतीजवळ माझी कॉट.

पहाटे जाग येते तेव्हा तो फांदीवर असतो, अर्ध्या उजेडात. मी कुशीवर वळतो, तो डोकं वळवतो. दोघंही परमुलखात, दोघंही पाहुणे. इथं पहाट चारलाच होते. काजळची ऊब त्या भिंतीपलीकडं, पिठूची अलीकडं, मधे माझी पाठ. इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. स्वप्नात कृष्णामाई येते, घाट येतो. पाण्याची पातळी रोज वेगळी. उठून लिहून ठेवावी असं वाटतं, हाडीमासी खिळलेली सवय. पण तोवर उतरलेली असते.

व्हिसा वाढवून मिळाला. विमानाचं अजून काही नाही. मीच चौकशी कमी केलीय, हेही लिहायला हवं.

९ ऑगस्ट, रविवार

उकाडा, आपल्याकडच्या मे महिन्यासारखा. इथली घरं त्यासाठी बांधलेलीच नाहीत. मानसीनं दोन्ही पेट्यांचे दिवे बंद केले, मागच्या बाजूला ओली फडकी टांगली.

पिठूनं चावलं मला. चूक माझी, हाताला लोण्याचा वास होता आणि मी पेटीतलं पाण्याचं भांडं काढायला गेलो. अंगठ्याजवळ दोन अर्धवर्तुळं, कंपासनं काढल्यासारखी. रक्त भरपूर, दुखलं कमी. मानसीनं धुऊन पट्टी बांधली. बांधताना म्हणाली, "निखिलला सांगू नका हं."

"का गं?"

"काळजी करेल."

दोघंही एकमेकांना अजून एवढं जपतात. आणि बोलणं संपलं म्हणतात.

३० ऑगस्ट, रविवार

दोघांची वेगळं व्हायच्या कागदपत्रांची दुसरी बैठक, व्हिडिओवर. मी बाहेर फिरायला गेलो. बांधाच्या पायथ्याशी बसलो. एक शिडाची बोट डोक्यावरून गेली, त्यातल्या बाईनं टोपी हलवली.

आलो तेव्हा मानसी काजळच्या खोलीत जमिनीवर बसली होती, काजळ तिच्या खांद्यावरून मांडीत. "हे घर डिसेंबरात सोडायचं ठरलं. मी गावातच दोन खोल्या बघतेय. घरमालकाला आधीच सांगणार, दोन अजगर आहेत म्हणून." थोड्या वेळानं म्हणाली, "दोन खोल्यांत एक तुमची होईल, बाबा. कधी आलात तर."

मी खाली बसलो, गुडघे कुरकुरले. काजळनं मान लांबवून माझ्या हातावर ठेवली. जड असते, वाटतं त्याहून. आणि थंड नसते.

१९ सप्टेंबर, शनिवार

नि. आला. विमानं सुरू होतायत, दिवाळीनंतरचं तिकीट मिळालं, ते सांगायला. मानसी मुद्दाम बाहेर गेली होती. मी म्हटलं, वर ये, माझी खोली बघ.

पेटीसमोर उभा राहिला. "हा कोण?"

"पिठू. काजळसाठी आणलाय."

कॉटवर बसला. काचेवर बोट टेकलं, पिठूनं फटकन तोंड आपटलं, नि. दचकला नाही. बोट तिथंच. आणि माझा अंदाज एकदम चुकला. मला वाटत होतं याला सापाची किळस आहे, त्यावरूनच दोघांत...

"काजळला मीच आणलं होतं," तो म्हणाला. "तिनं सांगितलं नाही?"

नाही सांगितलं.

काही वर्षांपूर्वीचा जानेवारी होता. मानसीला तेव्हा नोकरी नव्हती, भाषा येत नव्हती, दिवसभर पडदे लावून बसायची. कुठल्याशा फोटोत तिनं हा साप बघितला आणि कितीतरी महिन्यांनी काहीतरी हवं म्हणाली. तो जर्मनीच्या सरहद्दीपर्यंत गेला. पिल्लू होतं, हाताएवढं. येताना गाडीचा हीटर बंद पडला. मग पिशवी शर्टाच्या आत पोटाशी धरून आला, एका हातानं गाडी चालवत.

"सारखं हलत होतं पोटावर. तीन तास. मी त्याच्याशी बोलत आलो बाबा, वेड्यासारखा."

"काय बोललास?"

"आठवत नाही." मग जरा वेळानं, "घरी पोचल्यावर तिला सगळं सांगायचं होतं. ती इतकी खूष झाली, लगेच ते घेऊन वर गेली. नंतर ती बरी झाली. कोर्स केला, नोकरी लागली. माझी गरजच... असं नाही म्हणत मी. पण माझं मग सांगायचं राहूनच जायला लागलं. सगळंच."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अंगठ्यावरचा वण त्यानं बघितला, विचारलं नाही.

काजळला बघतोस का म्हटलं. नको म्हणाला. जिन्यावरून उतरताना त्या दाराशी थांबला मात्र. पाय दाराखालच्या फटीपाशी. थोडा वेळ. मग गेला.

११ ऑक्टोबर, रविवार

पिठूचे तीन महिने कधीच झाले, पण मानसी गारव्याची वाट बघत होती, जोडी तेव्हाच जमते म्हणे. आज पहिल्यांदा दोघांना एका पेटीत सोडलं. आकडा हातात, टॉवेल तयार, चावाचावी झाली तर.

काही झालं नाही. पिठू एका टोकाला गेला, काजळ दुसऱ्या. मधे शेवाळ. आम्ही दोघं खुर्च्या टाकून दुपारभर बसलो. बाहेर पाऊस नाही, ऊन नाही. इथला तो करडा उजेड, ज्यात वेळ कळत नाही. कधीतरी बघितलं तर काजळची शेपटी पिठूच्या अंगावर होती. कोण सरकलं ते दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

"अंडी होतील?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. कित्येकदा वर्षानुवर्षं होत नाहीत."

मी तिला निखिलनं सांगितलेलं सांगितलं. शर्टाच्या आत, पोटाशी, तीन तास. माझं नव्हतं ते सांगायचं, कळत होतं. पण सांगितलं.

मानसी पेटीकडंच बघत होती. "मला म्हणाला होता, खोक्यात आणलं."

दिवा लावायला उठली आणि स्विचवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

२५ ऑक्टोबर, रविवार. आइंडहोवन

जायच्या आधीचे आठवडे नि.कडं राहायचं ठरवलं. मानसीनंच सोडलं गाडीनं. दोन तासांचा रस्ता. फवारणीचं तिला परत सांगत होतो, ती "हो बाबा, हो बाबा" म्हणत होती, जिनं मला शिकवलं तीच. इमारतीखाली नि. उभा. दोघं बोलले. हवा, रस्ता, गर्दी नव्हती. मानसी निघताना वाकली नमस्काराला, रस्त्यावरच. मी उठवलं. मास्कमुळं तोंडातून शब्द काय निघाला तो मलाच नीट ऐकू आला नाही.

१ नोव्हेंबर

नि.ची खोली सातव्या मजल्यावर. सोफा, टेबल, दोन संगणक. एकही झाड नाही. रात्री झोप येत नाही, गार भिंत आहे पाठीला. हीटर वाढवला तरी ती ऊब नाही येत, ही कोरडी आहे.

त्याला पिठलं करायला शिकवतोय. गुठळ्या होतात. खातो आम्ही.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मानसीचा मेसेज आला, फोटोसकट. काजळ आणि पिठू एकमेकांत असे गुंतलेले की कुठलं तांबं कुणाचं ते समजू नये. खाली एवढंच, "बाबा, काल दुपारपासून असे आहेत. जवळ जायला भीती वाटते."

फोन टेबलावर ठेवला, नि.कडं तोंड करून. मुद्दाम. तो काम करत होता. काम करता करता बघितला, हात थांबले.

दुपारी जेवताना विचारलं, "कशी आहे?"

"कोण?"

भात कालवत राहिला. "दोघी."

म्हटलं, मला काय विचारतोस? मी दोन आठवड्यांनी विमानात असेन. फोन तुझ्याकडंही आहे.

"काय बोलू?"

"गाडीत तीन तास बोलत आला होतास ना?"

ताट धुतलं, माझंही धुतलं. हात पुसले, परत पुसले. मग फोन घेऊन गॅलरीत गेला आणि मागं काचेचं दार ओढून घेतलं. बाहेर वारा आहे, शर्ट फडफडतोय, स्वेटरही घातला नाही यानं.

मी इथं टेबलाशी बसून हे लिहितोय. तो पाठमोरा आहे, फोन कानाला. बोलतोय की नुसती रिंगच वाजतेय, ते इथून कळत नाही.